नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?

३ नोव्हेंबर, सोमवार

बावीस पानांचा करार! आणि त्यात माझं नाव एकदाच, तेही टिंबटिंबांवर मीच हाताने लिहायचं.

माझे साहेब, दाजी, त्यांनी दिवाळीला ऑफिस बंद केलं. गुडघे गेले, जिना चढवत नाही. चौदा वर्षं मी त्यांच्या हाताखाली अख्ख्या मालवणचे कराचे कागद केले. जाताना म्हणाले, "टेबल आणि कपाट तुका ठेवतंय. पुढचा तुजा तू बघ." झालं. चौदा वर्षांचा निरोप!

आता दोनच वाटा. ऑफिसच्या ह्याच खोलीवर 'किशोरी चिंदरकर, कर सल्लागार' अशी पाटी लावायची. नाहीतर हा करार पाठवणाऱ्या पुण्याच्या कर सल्ला कंपनीची फ्रँचायझी घ्यायची. पाटी त्यांची, रंग त्यांचा, नियम त्यांचे. राबायचं मी!

४ नोव्हेंबर

नवऱ्याचं, सुदेशचं म्हणणं, कंपनी घे. "डोक्याक ताप नाय. पाटी बघून लोक येतले."

मी विचारलं, चौदा वर्षं कोणाची पाटी बघून येत होते?

"दाजींची," म्हणाला. ताटातून वरही न बघता! एसटीत कंडक्टर आहे, सगळ्यांना तिकीट फाडून द्यायची सवय. मी पातेली आपटतच जेवण वाढलं. राग त्याचा नाहीच खरं तर. तो म्हणतो ते खरं असलं तर काय, ह्याचा आहे.

७ नोव्हेंबर

कंपनीचा माणूस येऊन गेला. निलेश. जिल्ह्याचा साहेब म्हणे. मूळचा कुठला? आपल्या कणकवलीजवळच्या नांदगावचा! स्टेशनापासून दहा मिनिटांवर घर. आणि बोलतो असा, जणू बातम्या वाचतोय. मी मालवणीत चहा विचारला, तर "नको, धन्यवाद मॅडम." मॅडम!! ह्याची आई ह्याच्याशी काय पुणेरी बोलते?

कलम अकरा वाचून डोकं फिरलं. एकदा सही केली आणि पुढे सोडून गेले, तर तीन वर्षं ह्या तालुक्यात स्वतःचं काम करायचं नाही. आणि सगळे पक्षकार कंपनीचे. म्हणजे मी चौदा वर्षं जोडलेली माणसं ह्यांच्या खिशात! "ते सगळ्यांनाच असतं, मॅडम," असं शांतपणे म्हणतो.

सहीला तीस तारखेपर्यंत मुदत आहे. तोवर पंधरा दिवस आमच्या पद्धतीने ऑफिस चालवून बघा, म्हणाला. मी हो म्हटलं. का म्हटलं? भ्याले म्हणून. स्वतःची पाटी लावली आणि कोणीच आलं नाही तर?

१० नोव्हेंबर

काचेचं टेबल आलं. टोकनचं यंत्र आलं. माझ्या टेबलाशी असायचं ते लाकडी स्टूल मागे अडगळीत गेलं. टेबलावर, माझ्या नाकासमोर, एक कागद चिकटवलाय. येईल त्याला म्हणायचं: "नमस्कार. आपलं स्वागत आहे. मी आपली काय मदत करू शकते?"

ताई नाही, मावशी नाही, गो नाही, रे नाही. सगळ्यांना सारखं. निलेश कोपऱ्यात बसून मी म्हणते की नाही ते बघणार आणि गुण देणार. बेचाळिसाव्या वर्षी मला गुण!

आरशासमोर म्हणून बघितलं. सुदेश हसून हसून गादीवर लोळला.

१२ नोव्हेंबर

आज शेवंती आली.

शेवंती बाजारात मासे विकते, मंगळवारी सुकी मासळी घेऊन कणकवलीच्या बाजारात बसते. अकरा बायकांचा बचत गट आहे तिचा. त्याचे कागद दर वर्षी पिशवीत घालून माझ्याकडे आणते. आधी स्टुलावर बसणार, सुनेला शिव्या घालणार, चहा पिणार, मग कागद. चौदा वर्षं असंच चाललंय.

ती आत आली, स्टूल शोधायला लागली. निलेश बघत होता. मी म्हटलं. सगळं वाक्य म्हटलं.

शेवंतीने मागे वळून बघितलं, आणखी कोण आलंय का म्हणून. मग माझ्याकडे बघत राहिली. "काय गो, रागावलंस माज्यार? माजा काय चुकला?"

आणि मी काय म्हणावं? "आपण कृपया टोकन घ्या."

आपल्या माणसाशी असं कधी बोलतात? भांडण झालं, दार बंद करायचं असलं, की! हे मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. तिने पिशवी छातीशी धरली, "येतंय मगे" म्हणाली आणि जिना उतरून गेली. 

१३ नोव्हेंबर

शेवंती आली नाही.

१५ नोव्हेंबर

नाही आली.

निलेशने मला दहापैकी नऊ गुण दिले. एक कापला, कारण वाक्य म्हणून झाल्यावर मी हसले नाही!!

१९ नोव्हेंबर

आज सकाळी स्वतःच बाजारात गेले. तिची माफी मागायची ठरवूनच गेले होते. शेवंती बांगडे मांडून बसलेली. मला बघितलं. एरवी लांबूनच ओरडते, "ये गो किशोरी, ताजो आसा!"

आज म्हणाली, "बोला मॅडम, काय देऊ?"

शुद्ध! एक अक्षर वाकडं नाही. शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. मी "अगो शेवंती" म्हणेपर्यंत तिने बांगडे पिशवीत टाकले, सुटे पैसे मोजून हातावर ठेवले, आणि वर "धन्यवाद." चौदा वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून ऐकला नव्हता. वर दोन बांगडे जास्तीचे टाकायची नेहमी, तेही टाकले नाहीत.

घरी येऊन रडले. निलेशचा राग आला, कंपनीचा आला, पण तोंड कोणी उघडलं होतं? मी. ते वाक्य माझ्याच जिभेवरून गेलं.

२० नोव्हेंबर

काचेचं टेबल घेऊन जा, असं निलेशला कळवलं. करार कोराच परत केला. "मॅडम, आपण भावनिक निर्णय घेताय." हो, घेतेय! मग काय यंत्राकडून घेऊ?

२९ नोव्हेंबर

पाटी लागली. सुदेशनेच शिडी धरली. "नाव जरा मोठा घालूक होया होता," म्हणाला. आता सुचतंय ह्याला!

स्टूल धुऊन टेबलाशी ठेवलं. 

१ डिसेंबर

दिवसभर कोणीही नाही. एक आला, तो दाजी कुठे म्हणून विचारून गेला.

२ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी निलेशचा फोन. आता कुठलं कलम काढतोय म्हणून कंबर कसूनच उचलला.

"किशोरीताय, निलेश बोलतंय. आमच्या आवशीचा काम होता. काजूच्या बागेचे कागद. आमच्या ऑफिसात तिका न्हेलंय, तर टोकन बघून परत फिरली. आज ती कणकवलीच्या बाजारात गेल्ली. थंय सुक्याची शेवंती तिका म्हणाली, किशोरीन सोताची पाटी लायल्यान, तिच्याकडे जा, ती आमची आसा."

मी म्हटलं, "नमस्कार. मी आपली काय मदत करू शकते?"

 तो हळूच म्हणाला, "ताय, असा परक्यासारखा नको गो बोलू."

त्याच्या आईला उद्या दहाला बोलावलंय. शेवंती नेमकं काय म्हणाली, ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.