घुं गेलीच पाहिजे

२ मार्च, रविवार. सकाळी १०.
आजपासून नोंदी. मोठ्या कामाला पुरावा हवा. चार महिने खपून ॲम्प्लिफायर स्वतःच्या हातांनी बांधला. कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये तीस वर्षं भूल दिली, त्या हातांना चार वायर्स काय जड? २२ तारखेला बायकोला, नीनाला, पासष्ट पूर्ण. पुणे रेडिओवर ती लग्नाआधी गायची, ती रेकॉर्डिंग्ज यावर ऐकवणार. फक्त स्पीकरमधून बारीक ‘घुं’ येते. दोन दिवसांचं काम.

५ मार्च.
घुं माझी नाही, फ्रिजची. सहा तास फ्रिज बंद ठेवला. घुं तशीच. सुरमई गेली. नीना म्हणाली, आधी विचारत जा. शास्त्रात विचारत बसता येत नाही.

८ मार्च. दुपारी.
वायफाय, बॉयलर, दिव्यांचा डिमर सगळे निर्दोष. शेजारच्या ग्वेनबाईंना नम्रपणे विचारलं, तुमच्याकडे काय चालतं? म्हणाल्या, फक्त चहाची किटली. नजर चुकवत होत्या.

११ मार्च.
सापडलं! ‘अर्थ लूप’, म्हणजे अर्थिंगच्या वायरींतून गोल फिरणारा करंट. इंटरनेटवरच्या फोरमवर एकजण म्हणतो, प्लगमधली हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर तोडा, घुं संपली. यशोधनला फोन केला. माझ्या जुन्या हॉस्पिटलमधली मशीन्स तो दुरुस्त करतो. ओरडलाच. “काका, ती वायर तुम्हाला वाचवायला असते! हात लावू नका, मी रविवारी येतो.” नको म्हटलं. नीनाही नको म्हणाली. ही सगळी घाबरट माणसं.

१२ मार्च. सकाळी ११.२०.
तोडली. घुं बंद! खोलीत इतकी शांतता की माझाच श्वास ऐकू आला. यशोधनला मेसेज: गरज नाही.

१४ मार्च.
ॲम्प्लिफायरच्या पत्र्याच्या झाकणाला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. बी-१२ कमी असणार. गोळ्या सुरू.

१६ मार्च.
मुंग्या कोपरापर्यंत. गोळ्यांना वेळ लागतो. रबरी स्लिपर घातल्या की येत नाहीत. म्हणजे रक्ताभिसरणच. निदान पक्कं. आवाज चांगला पसरावा म्हणून ॲम्प्लिफायर खोली तापवणाऱ्या लोखंडी रेडिएटरजवळ हलवला. आत जागा कमी पडली, वायर्स जरा दाबून बसवल्या.

१८ मार्च. संध्याकाळी.
किंचित जळका वास. नवीन वार्निश तापलं की येतो. नीना दारात उभी राहून म्हणाली, “अहो, मला या खोलीत यायला नको वाटतं.” तिला म्हटलं, शनिवारी बघ, उठावंसं वाटणार नाही.

२० मार्च. हॉस्पिटलमधून परत आल्यावर.
दुपारी चारला धूळ पुसायला नीना आत आली. ॲम्प्लिफायर चालू होता. एक हात झाकणावर, दुसरा रेडिएटरवर. ओरडली नाही. घशातून नुसता आवाज आला आणि हात सुटेना. मी भिंतीवरचा स्विच बंद केला. किती सेकंद लागले माहीत नाही. मग ती पडली. उजवं मनगट मोडलं, दोन बोटं भाजली. हृदय ठीक आहे, ईसीजी दोनदा काढला.
तरुण डॉक्टरने विचारलं, हे कसं झालं? मी सांगितलं, एक पार्ट सदोष निघाला. नीनाने माझ्याकडे पाहिलं. टॅक्सीत ती पुढे, ड्रायव्हरशेजारी बसली.

२१ मार्च.
ॲम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर विकणाऱ्याला कडक ईमेल लिहायला घेतली. पाठवली नाही.

२३ मार्च, रविवार.
काल वाढदिवस झाला. गाणी लावली नाहीत.
आज यशोधन आला. मी बोलावलं नव्हतं, नीनाने बोलावलं. त्याने ॲम्प्लिफायरचं झाकण उघडलं. प्लगकडून येणाऱ्या, दाबून बसवलेल्या वायरचं प्लास्टिक वितळून आतली तार ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला चिकटली होती. ती बदलली, अर्थिंग जोडलं. स्पीकरमध्ये घुं परत आली. आवाजाचा सिग्नल नेणारी वायर ट्रान्सफॉर्मरला घासून जात होती, ती त्याने चार बोटं बाजूला सरकवली. घुं गेली. सगळं मिळून वीस मिनिटं.
मग विचारलं, “अर्थिंग कुणी तोडलं?”
मी खिडकीबाहेर बघायला लागलो. विक्रेत्याचं नाव तोंडात तयार होतं.
नीना डाव्या हाताने चहाचा मग घेऊन आली. म्हणाली, “यांनी. मी नको म्हटलं होतं.” चहा यशोधनला दिला.
मी म्हटलं, “माझा?”
“तुमचा तुम्ही करून घ्या.”
किचनमध्ये गेलो. साखर कुठे असते, मला माहीत नव्हतं. विचारायची हिंमत झाली नाही. तसाच प्यालो.