छातीतल्या जळजळीचे मोजमाप

चिमूर तालुका, १६ मार्च २००३

आदरणीय धनराजभाऊ यांस,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे लटारूचा, तलावाच्या पाळीवरून रामराम. गडचांदूरच्या सिमेंटच्या धुळीत तुमचा खोकला कसा आहे? वहिनींचे गुडघे दुखायचे थांबले का? इथी मोह फुलला आहे, मासोळी बेताची आहे.

पत्रास कारण की, माझे आयुष्य मोजण्यात आले. (हसू नका, कागदावर मोजले.) सहा वर्षांपासून माझ्या छातीत जळते, घशाशी आंबट पाणी येते, आडवे होता येत नाही, हे तुम्ही जाणताच. चिमूरला अशाच लोकांची तपासणी होती. मला वाटले सुई देतील. पण डॉक्टरीण बाईंनी कागद काढला आणि विचारले, आठवड्यात किती दिवस झोप मोडली? जेवणाची मजा किती दिवस गेली? (आजवर मला असे कोणी विचारले नव्हते, डोळेच भरून आले.) शेवटी एक उभी रेघ दाखवली. खाली शून्य, वर शंभर.

“शंभर म्हणजे काय जी?”

“तुमच्या मनात येईल तितकं चांगलं आयुष्य. डोळे मिटा आणि सांगा.”

मी मिटले. आणि भाऊ, मी डोंग्यात उताणा पडलो होतो! पाण्यावर मोहाचा वास, कमळाची पाने डोंग्याला घासत होती, आभाळ वर आहे की खाली तेच कळेना. पाठ लाकडाला टेकलेली, आणि छातीत काहीच नाही, नुसता थंडावा. किती वेळ गेला कोण जाणे. रांगेत मागे बसलेल्या वारलूने ढोसले, “लटारू, खूण कर ना बाबा, माह्यंबी आयुष्य मोजाचं हाये!” मी बाविसावर खूण केली.

महिनाभराच्या गोळ्या मिळाल्या. विसाव्या दिवशी भर दुपारी तलावाच्या मधोमध मी खरोखरच उताणा पडलो. जळले नाही. मग झोपच लागली. वल्हे वाहून गेले, डोंगा कमळात शिरला. पाळीवरून मी कोणाला दिसेना. झोपेत मला वाटले बगळे ओरडतात, पण ती तुमची बहीण चंदा होती. “मेला वो, माहा माणूस मेला!” मी उठून बसलो आणि विचारले, “भाजी कोणती केली?” तिने मातीचे ढेकूळ फेकले. नेम चांगला आहे तिचा.

दुसऱ्या मोजणीत मी ऐंशी गाठली. बाई फार खूश झाल्या.

तुमचा,
लटारू

ता. क. : डॉक्टरीण बाई २५ तारखेला, मंगळवारी, चिमूरला शेवटच्या खेपेस येणार आहेत. एक दिवसाची सुट्टी काढून या, हीच खरी विनंती. माझ्यासाठी नाही.

आणखी ता. क. : परवा गंमत म्हणून तेच प्रश्न मी चंदाला विचारले. आठवड्यात किती दिवस जळते? म्हणाली, सात. कधीपासून? म्हणाली, धाकटी झाली तेव्हापासून, म्हणजे बारा वर्षे. मी म्हटले, “सांगितलं काऊन नाई?” तर म्हणे, “तुमचं कण्हणं सरन तवा ना!” भाऊ, तिला तुम्हीच घेऊन जा. माझ्यासोबत यायला ती तयार नाही. म्हणते, तिथीबी तुमीच बोलत बसान.