शिट्टीनं बोलणारं बेट

प्रिय हिराताई,

तुमच्या पोलीस ट्रेनिंगमध्ये फोन फक्त रविवारी हातात देतात, आणि तोही आईचं रडणं ऐकण्यात संपतो. म्हणून मी आठवडाभर नेटवर जे जे वाचीन ते कागदावर लिहून धाडायचं, असं तूच ठरवलंस. पण या खेपेला आधी घरचं सांगतो, कारण सगळं वाचन त्यातूनच निघालंय. आबांच्या तोंडावरनं वारं गेलंय. घाबरू नकोस. हातपाय ठणठणीत आहेत. मंचरचे डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजलीय, मेंदूला काही नाही, गोळ्या घ्या, सावकाश सुधारेल. फक्त डावीकडचा ओठ हलत नाही. चहा निम्मा पोटात, निम्मा सदऱ्यावर. आई म्हणते, "लग्नात बी असंच वाकडं तोंड करून बसलं व्हतं, मला काय नवं न्हाई." आबा हसले, पण अर्धेच.

अडचण चहाची नाही, शिट्टीची आहे. मेंढरं आबांच्या शिट्टीवर चालतात हे तुला मी काय सांगायचं! लांब ओढून शेवटी वर चढवली की वळायचं, तुटक दोनदा वाजवली की थांबायचं. गेल्या आठवड्यात कळंबजवळ नाशिक रोड ओलांडत होतो. निम्मी मेंढरं पलीकडं गेली, निम्मी मधेच बावरून उभी. आबांनी बोटं तोंडात घातली आणि नुसती हवा आली. फुस्स. एका टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून निभावलं, पण एका कोकराचा पाय चेंगरलाच. टेम्पोवाला ओरडला, "पावणं, जनावरं आवरत नसली तर इका की राव!" आबा रस्त्याच्या कडेला बसून राहिले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "बास झालं. पुढच्या बाजाराला बेल्ह्याला न्यायची. समदी." भिमाजी व्यापारी लगेच येऊन मेंढरांच्या पाठी चाचपून गेलासुद्धा.

आता वाचलेलं. पहिलं असं, की मेंढीला माणसाचा चेहरा ओळखता येतो. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी मेंढ्यांना फोटो दाखवून परीक्षा घेतली आणि मेंढ्या पास झाल्या. माझ्या बारावीपेक्षा बरा निकाल. मी म्हटलं, ओळखतातच तर आपण आबा होऊ. त्यांचं मुंडासं बांधलं, घोंगडी पांघरली, तोंडाला फडकं लावलं आणि ऐटीत पुढं निघालो. सगळ्या कळपानं माझ्याकडं बघितलं आणि खाली मान घालून चरायला लागला. आपला कुत्रा तेवढा भुंकला. भिमाजी बांधावरून म्हणाला, "आरं रितक्या, मेंढरांचं लगीन हाय का काय?"

दुसरं वाचन माझं मीच भरकटून केलेलं. तुला माहितीये, मी काही शोधायला बसलो की भलतीकडंच निघतो. त्या दिवशी मेंढरं कुकडी नदीच्या काठाला बोरी गावाकडं होती. सहज बोरीचं नाव टाकून बघितलं तर निघालं की तिथल्या काठात राखेचा थर आहे आणि ती राख पार सुमात्रा बेटावरच्या ज्वालामुखीची आहे. पाऊण लाख वर्षांपूर्वीची म्हणे, पण त्यावर शास्त्रज्ञांची अजून भांडणं आहेत. आपण ज्या काठावर भाकरी सोडून बसायचो तिथं! मी लगेच खाली उतरून चिमूटभर पांढुरकं काढलं. ते राखच होतं की नुसती माती, देव जाणे. आई म्हणाली, भांडी घासायला चालंल का बघ.

मग सुमात्रा बघता बघता बेटांच्याच मागं लागलो. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर उड्या मारत ला गोमेरा नावाच्या बेटावर जाऊन पडलो. ते स्पेनचं आहे. आपल्या जुन्नरच्या घाटासारख्याच खोल दऱ्या, आणि तिथले मेंढपाळ एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर शिट्टीनं बोलायचे. हाका नव्हे ताई, अख्खी वाक्यं! जेवायला ये, बकरी हरवलीये, अमका आजारी आहे, सगळं शिट्टीत. मधे ती बोली मरायला टेकली होती, मग त्यांनी ती शाळेतच शिकवायला घेतली. पोरं आणि पोरी एका बाकावर बसून तोंडात बोट घालतात, आणि गुरुजी मारत नाहीत, उलट शाबासकी देतात.

तो व्हिडिओ मी मेंढरांपुढं लावला. कान टवकारले, मान वर केली, पण स्पॅनिश कुणाला कळणार? परत चरायला. आबांनी मात्र फोन हातात घेतला आणि पुन्हा पुन्हा बघितला. चांगला ओठ हलवून बघत होते. मग म्हणाले, "ह्यो गडी आपल्यावानीच बोट वाकवतोय." जरा वेळानं, फोन परत देताना, माझ्याकडं न बघता म्हणाले, "हिरा बी आशीच वाकवायची."

मला वाटायचं त्यांना माहीत नाही. तू लहान होतीस तेव्हा एकदा मेंढरांच्या वाड्यासमोर वाजवलीस आणि ठकूआज्जीनं उलथनं फेकून मारलं, "पोरीच्या जातीनं शिट्टी वाजवली की घरची लक्ष्मी उठून जाती!" त्यानंतर तू टेकाडापलीकडं गेल्यावरच वाजवायचीस. आणि आत्ता आठवतंय, टेकाडाजवळ आलं की नेमकी तेव्हाच आबांना तंबाखू मळायची तलफ यायची. खाली बसायचे आणि कळप तुझ्यासंगं पलीकडं जाऊ द्यायचे. मी सोबत असायचो, म्हणून सांगतो, तुझ्या शिट्टीवर एक मेंढरू कधी चुकलं नाही. माझी अजून कुकरसारखी वाजते.

तर हे पत्र त्यासाठी आहे. रविवार आधी येतो, बेल्ह्याचा बाजार मग. रविवारी फोन हातात आला की खुशाली विचारू नकोस, आईला मी आधीच सांगून ठेवलंय, रडणं नंतर. कुठंतरी मोकळ्यात जा आणि वाजव. आधी वळायची, मग थांबायची. मी लग्नात नाचायला लावतात तो छोटा स्पीकर चार्ज करून वरच्या पडीक रानात घेऊन उभा असेन आणि सगळं रेकॉर्डही करून घेईन, म्हणजे आबांचा ओठ जागेवर येईपर्यंत तुझ्या शिट्टीवर रोड ओलांडता येईल. तुमच्या ट्रेनिंगच्या बाईंनी विचारलं, हे काय चाललंय, तर सांग, घरच्या जनावरांना वाट दाखवतेय. मेंढरं वळली तर भिमाजीला मी स्वतः नाही म्हणून येतो. वळतील की नाही, हे मात्र कुठल्याच पानावर लिहिलेलं सापडलं नाही. आबांना यातलं काही बोललेलो नाही. ते नेहमीसारखे कळपाकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ करून बसलेले असतील. जोरात वाजव ताई. मेंढरांच्या आधी त्यांना ऐकू जाऊ दे.

तुझ्या शिट्टीची वाट बघणारा,
तुझाच
ऋतिक