हिराला दिलेल्या चार सुया

प्रिय कुसुम,

तू गेल्याला अडीच महिने झाले आणि मी आज पहिल्यांदा तुला लिहितेय. रडू आवरत नाही म्हणून नव्हे, राग आवरत नाही म्हणून! काल तुझ्या वर्गात माझी जी गत झाली ती कुणाला सांगू? ह्यांना सांगितली तर म्हणतील, गेलेल्या माणसाशी कसली भांडतेस. म्हणून थेट तुलाच सांगते.

'तुझ्या वर्गात' असंच लिहिलं गेलं बघ. खरं तर आता तो माझा वर्ग आहे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना औषधशास्त्र शिकवायचं काम तुझ्यानंतर माझ्याकडे आलं. किती वर्षं हवं होतं मला ते! परीक्षेत पहिली मी, पदक माझं, आणि शिकवायला नेमलं कुणाला? काठावर पास झालेल्या कुसुमला. मी तेव्हा तुला पेढा भरवला होता. तो भरवताना माझ्या मनात काय चाललं होतं हे तुला कळलं नसेल असं मी अजून धरून चालते.

आणि आता मिळालं, तर पोरी म्हणतात, "कुसुममॅडम असं नव्हत्या शिकवत." तू म्हणे औषधांची रिकामी पाकिटं पिशवीभर आणायचीस, टेबलावर ओतायचीस आणि त्यांना तीन ढीग करायला लावायचीस. गरोदर बाईला बिनघोर देता येतील ती एकीकडे, डॉक्टरांना पुन्हा विचारून द्यायची ती मध्ये, आणि हातच लावायचा नाही ती तिसरीकडे. मी रंगीत खडूंनी सुंदर तक्ता काढते गं. पोरी जांभया देतात.

जळते मी तुझ्यावर. एकदाचं लिहूनच टाकलं. होस्टेलवर एका खोलीत राहायला आलो तेव्हापासून जळते. मी नाशिकच्या पंचवटीतली, कडक इस्त्रीच्या युनिफॉर्मची. तू हरसूलच्याही पुढच्या पाड्यावरून आलेली, पत्र्याची पेटी आणि नागलीच्या भाकरी घेऊन. मी मोठ्यानं पाठ करायचे आणि तू शिवणटिपण करत ऐकायचीस. मध्येच विचारायचीस, "म्हणजे आईनं घेतलेली गोळी पोटातल्या बाळालाही पोचते?" मला हसू यायचं. इतकं साधं हिला कळत नाही, असं वाटायचं.

पण वॉर्डात गेलं की सगळं उलटं. माझा हात हलका होता, माझी सुई दुखायची नाही, हे तूसुद्धा मान्य करायचीस. तरी बायका विचारायच्या, "ती हरसूलची शिस्टर कुठं गेली?" एकदाही कुणी 'ती पंचवटीची' म्हणालं नाही. का गं? मी काय वाईट बोलायचे त्यांच्याशी?

हिरा आठवतेय ना तुला? आठवणारच. द्राक्षांच्या बागेत मजुरीला आलेली, तुझ्याच भागातली, वीस-एकवीस वर्षांची, खोकून खोकून पाठ मोडलेली. टीबी निघाला. डॉक्टरसाहेबांनी गोळ्या लिहिल्या आणि रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई. त्या आठवड्यात तू दुसऱ्या वॉर्डात होतीस. हिरा माझ्याकडे होती.

ते औषध गरोदर बाईला द्यायचं नाही, बाळ बहिरं होऊ शकतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतंस तरी सांगितलं असतं. पेपरात लिहून लाल शाईनं अधोरेखित केलं होतं मी! आणि मी विचारलंही होतं हिराला. ते नको विसरूस. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून, नजर कागदावर, मोठ्यानं विचारलं, "मासिक पाळी नियमित आहे ना?" शेजारी सासू बसलेली, वॉर्डबॉय फरशी पुसतोय. हिरानं मान खाली घालून हो म्हटलं. मी कागदावर खूण केली आणि सुई दिली. एक, दोन, तीन, चार.

पाचव्या दिवशी तू तिला भेटायला आलीस. मी कुपीत पाणी सोडून ती हलवत होते. तू आधी सासूला चहा आणायला पाठवलंस, मग पलंगावर तिच्या अंगाला अंग लावून बसलीस आणि गावच्या गप्पा सुरू केल्यास. मला वैताग आला होता. वॉर्डात अजून सोळा जणींना सुया द्यायच्या होत्या आणि ह्या बाईंचं भात कसा पिकला चाललंय! मग तू हळूच विचारलंस, "बाजूला कधी बसली होतीस गं?"

"तीन महिनं झालं असतील," ती म्हणाली. "कोणाला सांगितलं नाय. पाचवा लागल्याबिगर आमच्यात सांगत नाय."

तू माझ्याकडे पाहिलंस. माझ्या हातात भरलेली सिरिंज होती.

माझ्या हातातून ती काढून घेतलीस तू. साहेबांपुढे गेलो तेव्हा तूच आधी बोललीस, "आमच्याकडून नीट विचारायचं राहिलं." आमच्याकडून! तू तर त्या वॉर्डात नव्हतीससुद्धा. साहेबांनी सुई बंद केली, गोळ्या चालू ठेवल्या. म्हणाले, चार सुयांनी बहुतेक काही व्हायचं नाही, पण मी खात्री देत नाही. ते 'बहुतेक' मी पुढचे नऊ-दहा महिने उशाशी घेऊन झोपले. आणि तुझ्याशी बोलणं टाकलं. चूक माझी आणि अबोला तुझ्याशी, कसली बाई मी!

बाळ झालं, मुलगी. तीन-चार महिन्यांची झाल्यावर तू सुट्टी काढून पाड्यावर गेलीस. मला 'चल' म्हणाली होतीस. मी सर्दीचं निमित्त केलं. मला ते पोर बघायचं धाडस नव्हतं. परत आलीस ती थेट मेसमध्ये माझ्यासमोर बसलीस आणि म्हणालीस, "मागून ताट वाजवलं. दचकली, मग वळून बघितलं. ऐकू येतं तिला."

मी काय म्हणाले? "बरं झालं. वरण सरकव इकडे." ताट तसंच टाकून नंतर बाथरूममध्ये नळ सोडून किती रडले, हे तुला सांगायला हवं होतं. निदान 'थँक्यू' तरी! पण मला तेव्हाही एकच खुपत होतं, की ही बातमीसुद्धा तूच आणलीस.

आता काल काय झालं ते. स्ट्रेप्टोमायसिन आलं शिकवायला. मी नेहमीची गोष्ट सांगितली. नेहमीची म्हणजे माझी. तिच्यात चार सुया कुणा एका सिस्टरनं दिल्या, आणि पाचव्या दिवशी हिराजवळ बसून विचारलं ते मी. हो कुसुम, मी. वॉर्डातल्या नव्या मुलींना मी वर्षानुवर्षं ही अशीच सांगत आलेय. आधी नावं न घेता सांगायचे. मग एकदा कुणीतरी विचारलं, "त्या सिस्टर तुम्हीच ना?" आणि मी हो म्हणून गेले. एकदा हो म्हटलं की पुढे काही करावंच लागत नाही.

काल गोष्ट संपली आणि पेठकडची एक मुलगी उभी राहिली. डोळे भरलेले. म्हणाली, "मॅडम, म्हणजे ती मैत्रीण तुम्ही! कुसुममॅडम आम्हाला सांगायच्या. चार सुया मी दिल्या, असं स्वतःचं नाव घेऊन सांगायच्या. म्हणायच्या, माझ्या खोलीतली मैत्रीण फार हुशार, तिनं पाचवी अडवली."

सगळा वर्ग माझ्याकडे कौतुकानं बघायला लागला. मी फळ्याकडे वळले आणि पुसलेला फळा पुन्हा पुसला.

का केलंस असं? मला वाचवायला? की चूक स्वतःची म्हणून सांगितली की मुली कान देऊन ऐकतात, एवढा साधा हिशेब होता तुझा? मला हे दुसरं कारणच खरं वाटतं. पण मग मला हुशार म्हणून त्यात घालायची काय गरज होती? मी तुझी गोष्ट चोरायला गेले, तर तू ती आधीच मला देऊन बसलेली! चोरीतसुद्धा पहिलं येऊ दिलं नाहीस तू मला.

तुला पोचवायला तुझ्या गावी आलो होतो तेव्हा किती बायका होत्या, माहितेय? पाठीला पोरं बांधून डोंगर उतरून आल्या होत्या. मी रडत होते आणि रडता रडता मोजत होते, की माझ्या वेळी यातल्या निम्म्या तरी येतील का. असली मी. आणि तू अशा बाईला 'फार हुशार' म्हणत राहिलीस!

उद्या पहिला तास माझाच आहे. चार सुया मी दिल्या हे उभं राहून सांगणार आहे. नजर कागदावर ठेवून विचारलं होतं, हेही सांगणार आहे, कारण त्यांनी शिकायचं आहे ते तेच. आणि कुसुममॅडम तुमच्याशी खोटं बोलल्या, हेही सांगेन. मला ठाऊक आहे पुढे काय होईल. माझं बोलणं संपायच्या आत त्या तुझ्यासाठी रडायला लागतील, माझ्या खरेपणाकडे कुणाचं लक्षसुद्धा जाणार नाही. जाऊ दे. मी जळत जळत सांगेन, पण सांगेन.

तुझ्या खोलीतली,
सुनंदा