मोटेच्या दगडावर दादाचं नाव

रविवार, सौंसर. संध्याकाळ.

डोकं अजून तापलेलंच आहे. रामाकोन्याच्या आमच्या विहिरीवरचा मोटेचा दगड दादानं मले न विचारता गावाच्या माळावर उघड्यावरच उभारलेल्या नव्या संग्रहालयात देऊन टाकला. मोटेचा दोर घासून पडलेले त्याचे चरे आज तिथं जाऊन पाहिले. बाजूला पाटी, 'यांनी वापरलेला दगड', आणि खाली दादाचं नाव. यानं मोट कधी हाकली? हा तं छिंदवाड्याले शिकत होता. बाबांसोबत बैल मी हाकत होती, लग्न होईपर्यंत.

"माझं नाव काऊन नाही?" मी विचारलं.

"तू तं सासरी गेली न बाई! आता लोकांसमोर तमाशा नको करू." वरून हसला.

तेवढ्यात शाळेच्या पोरी सहलीले आल्या. एकीनं चऱ्यांवरून बोट फिरवलं. "आजोबा, मोट कशी चालायची?" दादा अडखळला. मग म्हणे, बैल विहिरीभोवती गोल गोल फिरायचे. गोल! बैल उतारावरून सरळ खाली जायचे, तेव्हा मोट वर यायची. त्या उतारावर माझे पाय सोलले आहेत.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, सांग म्हणून. मी तोंड फिरवलं. बरं वाटलं, या डायरीत खोटं काऊन लिहू? मग पाहिलं तं पोरी मान खाली घालून वहीत तेच लिहून राहिल्या होत्या. त्यायले थांबवता आलं असतं. मी नाही थांबवलं.