बेडरूम चोवीसवर आणण्याबाबत

५ मे, सोमवार
दोष एसीचा नाही, भिंतीवरच्या स्मार्ट थर्मोस्टॅटच्या वायरिंगचा आहे. थळच्या अंबाजी वायरमनने आज सकाळी खात्रीने सांगितलं. मला हे आधीच माहीत होतं. वीस दिवस एसीवाल्यांशी भांडलो ते नुसतं पडताळणीसाठी.
अंबाजी डबा उघडून बघतो म्हणाला. उघडू दिला नाही. छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. चार वायरी मला जोडता येतात.
सुचित्राला ठाण्याला आश्लेषाकडे जाऊन बावीस दिवस झाले. उकाड्यामुळे गेली. निघताना म्हणाली, "चाळीस वर्षांत माझं एक वाक्य तुम्ही शेवटपर्यंत ऐकलं नाहीत." उकाड्यात माणूस काहीही बोलतं. खोली गार झाली की लेकीकडून परत येईल.
संकल्प: बुधवारपर्यंत चोवीस डिग्री.

७ मे, बुधवार, दुपारी ३
डबा उघडला. मॅन्युअल वाचलं नाही, त्याचं इंग्रजी सुमार आहे. भिंतीतून वायरी येतात चार, डब्यात जागा पाच. कंपनीने एक उगाच ठेवलेली दिसते.
स्क्रीन लागते, दहा मिनिटांत मिटते. बेडरूम ३४.
बुधवार पुढचा धरावा.

९ मे, शुक्रवार
पिवळी आणि हिरवी अदलाबदल केली. एसीचा पंखा सुरू झाला. आता बंद होत नाही. प्रगती आहे.
संध्याकाळी सुचित्राला फोन. ती म्हणाली, "अहो, मला जरा बोलायचंय. मी आता इथे..." म्हटलं, आधी पिवळ्या वायरचं ऐक. सगळं सविस्तर सांगितलं. सांगून झालं तेव्हा फोनवर आश्लेषा होती.

११ मे, रविवार
अंबाजी आला. बोलावला नव्हता, फक्त फोन केला होता.
डब्यात डोकावून म्हणाला, "सर, निळी वायर कुठं हाय? पाच टाकलेल्या मी."
आठवलं. फेब्रुवारीत मीच पाइपातून ओढून काढली. तेव्हाच्या जुन्या डब्याला तिचं काही काम नव्हतं. सुचित्राने खिडकीशी लावलेली जाई बांधायला घेतली. इथल्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडी तार एक पावसाळा टिकत नाही, प्लास्टिकची वायर टिकते. सुचित्रा म्हणाली होती, "अहो, ती राहू दे, पुढे..." पुढे काय ते लक्षात नाही.
अंबाजीने जाईकडे बघितलं. म्हणाला, "निळी काय करीत न्हाय सर, नुसता करंट मागारी नेते. पन ती नसली तं बाकीच्या चार फुकट."
म्हटलं, हे मी नववीला शिकवायचो.
"व्हय, मलाच शिकवलंत."

१३ मे, मंगळवार, दुपारी
अंबाजीने नवी निळी वायर टाकली. जाईची सोडली नाही, वेल कळ्यांनी भरलाय. सुचित्राला बघू दे.
१:१० ला चोवीस! फोटो काढून तिला पाठवला.
१:२० ला बंद. स्क्रीनवर अक्षरं: घरी कोणी नाही. बचत सुरू.
मी समोर उभा होतो. हातही हलवून बघितला.
आश्लेषाला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, तो डबा मालकाच्या फोनवरून ओळखतो घरात कोण आहे ते. डबा लावला तेव्हा तुम्हीच आईला म्हणालात, मोबाइलचं ते तू बघ. आईने स्वतःचा फोन जोडला. तो आता ठाण्यात आहे."
मग सोपं आहे, म्हटलं. आईला पाठव.
 ती म्हणाली, "आईचं नाव काढून तुमचं टाकते. ती इथेच राहणार आहे, बाबा. तुम्हाला शुक्रवारी तेच सांगत होती."
कधी, विचारलं.
"तुमची पिवळी वायर चालू होती तेव्हा."

१६ मे, शुक्रवार
माझ्या फोनवर तीन दिवस एकच प्रश्न येतोय. "सुचित्रा यांना या घरातून काढायचे आहे का?" खाली होय आणि नाही. होय दाबलं की चोवीस.
बेडरूम ३५.
वायरिंग पुन्हा तपासून घ्यावं असं वाटलं. अंबाजीला बोलावलं. तपासून म्हणाला, "सगळी बरोबर हाय सर. आता बटन दाबायचं तेवढं तुमी दाबा." पूर्ण ऐकून घेतलं. चहा दिला.
दाबलं नाही. घाई नाही. ओला टॉवेल पुरतो.
रविवारी दोघी येणार, आश्लेषाने कळवलं. अकराच्या बोटीने मांडवा. सुचित्राला शिलाई मशीन आणि हिवाळी कपडे न्यायचे आहेत. चारच्या बोटीची परतीची तिकिटं काढून झाली आहेत.
साडेबाराच्या सुमारास तिचा फोन फाटकातून आत येईल. एसी आपोआप सुरू होईल. तीनपर्यंत चालेल.