चर्चच्या पोटातलं चर्च

प्रिय फूटपट्टी,

या नावाने हाक मारलेली तुला अजून चालते का, माहीत नाही. वर्गात तुझी एक रेघ कधी चुकली नाही म्हणून मी ठेवलेलं नाव. खरं नाव लिहायला घेतलं की परकं वाटतं. परवा तुझा भाऊ भेटला. म्हणाला, घरात तुझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालंय आणि माझा विषय निघाला की बाबा एकच विचारतात, कॉलेज अर्धवट सोडलेला मुलगा, पुढे करणार काय? आधीचा मी असतो तर तडक येऊन दारातच वाद घातला असता. आलो नाही, याची नोंद घे.

काम करतोय. एका जुन्या चर्चची दुरुस्ती चालू आहे, तिथे चुन्याच्या गिलाव्याचं. मागे कुणीतरी भिंतींना सिमेंट फासलं, ओल आतच कोंडली आणि दगड भुसभुशीत झाले. ते सिमेंट छिन्नीने सोलायचं. शिंकलो तरी पांढरं निघतं. पण सकाळी उंच खिडक्यांतलं ऊन खांबांवरून खाली सरकायला लागतं तेव्हा वाटतं, तू इथे असतीस तर मान दुखेपर्यंत छत बघत बसली असतीस, आणि मी छत सोडून तुला.

पहिल्याच दिवशी भांडलो, अर्थात. मोठ्या दारातून पाहिलं तर वेदी नाकासमोर नाही, चांगली हातभर डावीकडे. मी मुकादमाला म्हटलं, बांधणाऱ्यांना साधी दोरी धरता येत नव्हती. त्याला सगळे कर्नल म्हणतात. तो म्हणाला, तू जन्माला यायला उशीर केलास बाबा, नाहीतर शिकवलं असतंस त्यांना. शेजारी फादर होते, तेही हसले. दिवसभर मी सगळा राग सिमेंटवर काढला.

मग गेल्या आठवड्यात ओल कुठून येते ते शोधायला मधल्या फरश्या उचलल्या, तर खाली दगडी पाया लागला. माती काढत गेलो तसा अख्खा चौकोन दिसला, आपल्या ड्रॉइंगच्या वर्गाएवढा. फादरांनी सांगितलं, हे आधीचं छोटं चर्च. मोठं बांधायचं ठरलं, पण लोकांना प्रार्थना एक दिवसही बंद ठेवायची नव्हती. म्हणून छोटं तसंच ठेवून त्याच्याभोवती मोठं उभारलं. आत लग्नं लागत होती, बाळांचे बाप्तिस्मे होत होते, आणि बाहेर भिंती चढत होत्या. वर नवं छप्पर आल्यावरच आतलं चर्च उतरवलं आणि त्याचा दगड न् दगड या मोठ्या दारातून बाहेर नेला.

मी दोरीचं एक टोक दाराशी कर्नलच्या हातात दिलं आणि वेदीकडे निघालो. जुन्या पायापाशी पोचलो आणि थांबलोच. इथे भिंत उभी असताना दोरी पलीकडे जाणार कशी? बिचाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी वळसा घालून मापं घेतली, त्या वळशातच वेदी हातभर सरकली. मी तिथेच मटकन बसलो. कर्नल ओरडत होता, अरे, झोपलास काय?

मला वाटायचं, नवं काही करायचं तर आधीचं पाडूनच करायचं. ही माणसं मात्र आहे त्यात राहत राहत बांधत गेली.

आता हे पत्र कशासाठी, ते. काल कॉलेजात जाऊन आलो. सरांनी आधी यथेच्छ झाडलं, मग चहा दिला, मग परत घेतो म्हणाले. सकाळी वर्ग, दुपारनंतर काम. कर्नलही तयार आहे. वेळ लागेल, वर्गात तुझ्या मागे राहीन, पण दोन्ही धरून ठेवीन. हे बाबांना मला स्वतः सांगायचंय. रविवारी येऊ का? तू ये म्हणालीस तरच येईन. नको म्हणालीस तर भांडणार नाही. हे शेवटचं वाक्य खोडून पुन्हा लिहिलंय, कागदावर दिसेलच.

होकार-नकार काहीही असो, तुझाच,
भडकू